जास्त पगार की हातातला वेळ? ऑफरला हो म्हणण्याआधी कागदावर करायचा हिशोब

ऑफर आली की पहिले दोन दिवस आपण फक्त आकडा बघत असतो. मीही तेच केलं. तेव्हाच्या नोकरीत सकाळी लवकर लॉगिन करून दुपारी चारला उठायची मुभा होती आणि नव्या ठिकाणचा पगार ४० टक्क्यांनी जास्त होता. घरी विचारलं तर सगळे म्हणाले, 'तुला काय वाटतं?' मला काय वाटतं तेच कळत नव्हतं. एका पारड्यात नेमकी रक्कम होती आणि दुसऱ्यात 'थोडा निवांतपणा' असं काहीतरी मोघम. रकमेचा आकडा डोळ्यांसमोर असतो, निवांतपणाला आकडा नसतो. मग रक्कमच जड वाटणार.

उत्तर द्यायला मी दहा दिवस मागून घेतले. ते मागायला संकोचू नका. 'निर्णय घरच्यांशीही संबंधित आहे, अमुक तारखेपर्यंत नक्की कळवते' एवढं म्हणणं पुरतं. एवढाही वेळ द्यायला जिथे कुरकुर होते, तिथे पुढे तुमच्या वेळेला किती किंमत असेल याचा अंदाज तिथेच येतो.

शेवटी मी ती नोकरी घेतली आणि तीन वर्षं केली. पहिली दोन बरोबर होती, तिसरं चुकलं. तेव्हा कागदावर जे केलं, आणि जे करायचं राहून गेलं, ते सगळं मिळून ही पद्धत तयार झाली आहे.

पायरी १: सध्याचा आठवडा जसा आहे तसा लिहा

आठवड्याचे १६८ तास. एका आठवड्यात ते कुठे जातात ते अर्ध्या अर्ध्या तासाने टिपून ठेवा. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहू नका. आठवणीतला आठवडा नेहमी जास्त नीटनेटका असतो.

मग प्रत्येक तासापुढे एक अक्षर. 'अ' म्हणजे हा तास इकडेतिकडे सरकवता येतो. 'ब' म्हणजे हे काम पैसे देऊन किंवा कोणाला सांगून करून घेता येतं. 'क' म्हणजे इथे मीच हवी, आणि याच वेळेला हवी.

माझ्या कागदावर मंगळवारी आणि शुक्रवारी साडेचारपुढे 'क' होता. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या वेळेला फिजिओथेरपी असे. ती वॉकर धरून दारापासून लिफ्टकडे निघायची, मी अर्धा हात मागे. पहिल्या आठवड्यात चौदा पावलं चालून ती थांबली आणि भिंतीला टेकून म्हणाली, 'तू पुढे बघू नकोस, माझ्याकडे बघ.' महिन्याभराने तेच अंतर तिने न थांबता पार केलं. ती वेळ मी दुसऱ्या कोणाला देऊच शकत नव्हते.

पण पूर्ण आठवडा मोजला तेव्हा चकित झाले. 'क'चे तास सात भरले, फक्त सात. मला वाटत होतं की ती सगळी लवचिक नोकरीच माझ्यासाठी अत्यावश्यक आहे. प्रत्यक्षात अत्यावश्यक होते ते ठरावीक दिवसांचे, ठरावीक वेळेचे सात तास. बाकीची मोकळीक सुखाची होती, पण तिच्याशिवाय चाललं असतं.

काहींचे हे तास पंचवीस भरतील. घरात तान्हं बाळ असेल, स्वतःचं दुखणं असेल, संध्याकाळचा अभ्यासक्रम चालू असेल तर भरणारच. काहींच्या कागदावर एकही 'क' नसेल. तिघांचंही उत्तर वेगळं येईल, म्हणून दुसऱ्याच्या निर्णयाची नक्कल इथे करता येत नाही.

पायरी २: पगाराचा आकडा सोलून बघा

आता पैशाकडे येऊ. समजा, आठवड्याचा सध्याचा पगार १०० आहे आणि नवा १४०. हे ४० जसेच्या तसे हातात येत नाहीत.

उत्पन्नाबरोबर कराचा दर चढत जातो तिथे वाढीव रकमेवर तुमचा सर्वात वरचा दर लागतो. तो ३० टक्के धरला तर ४० पैकी २८ उरले. मग नव्या नोकरीमुळे वाढणारे खर्च: रोजचा प्रवास, मुलांना सांभाळणाऱ्यांचे जादा तास, घरकामाला मदत, बाहेरून मागवलेलं जेवण, दमून केलेली खरेदी. हे १० धरा. उरले १८.

तास किती वाढले? सध्या ४० तास काम आणि २ तास प्रवास, म्हणजे ४२. नवीन ठिकाणी ५२ तास काम आणि १० तास प्रवास, म्हणजे ६२. थोडक्यात २० तास जादा देऊन १८ मिळाले, तासाला ०.९. सध्याच्या नोकरीत कर वजा जाता ८० हातात येत असतील तर तासाला १.९ पडतात. म्हणजे जादाचा प्रत्येक तास तुम्ही आताच्या निम्म्याहून कमी दराने विकताय.

हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमचे घालून बघा, चित्र उलटंही निघेल. प्रवास वाढत नसेल आणि कामाचे तास पाचनेच वाढत असतील, तर तीच ऑफर फार चांगली ठरते.

दोन गोष्टी विसरू नका. बदलता पगार, म्हणजे बोनस, इन्सेंटिव्ह, शेअर्स, वेगळा काढा. गेल्या दोन वर्षांत या पदावरच्या लोकांना त्यातला किती भाग खरोखर मिळाला, हे एचआरला सरळ विचारा. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत हिशोबात तो शून्य धरा. जॉइनिंग बोनस ठरावीक काळाच्या आत सोडल्यास परत करावा लागतो का, हेही बघा.

दुसरी गोष्ट नव्या नोकरीच्या बाजूची आहे आणि ती मोठी आहे. आजचा फरक पुढे वाढत जातो. दोन्हीकडे दर वर्षी ६ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांनी १०० चे १७९ होतात आणि १४० चे २५१. फरक ४० वरून ७२ वर गेला. निवृत्तीसाठीची कपातही पगाराच्या प्रमाणात वाढते, आणि पुढच्या नोकरीचा पगार बऱ्याचदा आधीच्या पगारावरूनच ठरतो. पंचविशीतल्या माणसाने हा मुद्दा पंचावन्नच्या माणसापेक्षा जास्त मनावर घ्यावा.

पायरी ३: वाढलेल्या पैशाला नेमकं काम द्या

'जास्त पैसे कोणाला नको असतात' हे खरंच आहे, पण त्याने निर्णय होत नाही. उरलेले १८ कुठे जाणार, ते एका ओळीत लिहा. 'कर्ज २२ महिन्यांत संपवणं.' 'सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी.' 'बहिणीच्या शिक्षणाची दोन वर्षं.' अशी ओळ लिहिता आली तर कष्टाच्या नोकरीला हेतूही मिळतो आणि शेवटही. ओळीत नुसतं 'राहणीमान' आलं तर थांबा, कारण राहणीमानाची भूक भागत नाही.

पैशाने सुख वाढतं का, यावर संशोधकांमध्येही बराच वाद झाला. डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये मांडलं की दैनंदिन आनंद एका उत्पन्नानंतर वाढायचा थांबतो. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांच्या अभ्यासात तो पुढेही वाढताना दिसला. मग दोन्ही बाजूंनी एकत्र बसून २०२३ मध्ये आकडे पुन्हा तपासले. निष्कर्ष असा की बहुतेकांचं समाधान उत्पन्नाबरोबर वाढत राहतं, मात्र जे मुळात सर्वात दुःखी आहेत त्यांच्या बाबतीत एका मर्यादेनंतर पैसा उपयोगी पडत नाही. ही वाढ टक्क्यांवर अवलंबून असते, रकमेवर नाही. जितकं मिळतं तितकं पुरेसं असणाऱ्याला समाधानात तेवढाच फरक पडायला कितीतरी मोठी रक्कम लागते. महिनाअखेर ओढाताण होणाऱ्याला छोटी वाढही मोठा आधार देते.

म्हणून पैशाची खरी ओढाताण असेल तर मी कोणालाही लवचिकतेचा उपदेश करणार नाही. डोक्यावर हप्ते असताना दुपारी चारला मिळालेली सुट्टी शांत नसते.

पायरी ४: 'लवचिक' म्हणजे नक्की काय, ते विचारा

या शब्दाखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात. कुठून काम करायचं ही एक. कधी करायचं ही दुसरी. किती करायचं ही तिसरी. पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक आज कळतं का ही चौथी. आणि ही मुभा तुमचा हक्क आहे की कोणाची मर्जी, ही पाचवी.

आपण पहिल्या दोन गोष्टींवर भाळतो, पण चौथीची किंमत सर्वात जास्त असते. अलेक्झांद्र मास आणि अमांडा पॅले या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांसमोर वेगवेगळ्या पगाराचे आणि वेगवेगळ्या वेळांचे पर्याय ठेवून बघितले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, घरून काम करता यावं यासाठी लोक सरासरी ८ टक्के पगार सोडायला तयार होते. पण मालक ऐनवेळी ठरवेल त्या वेळांना यावं लागू नये, यासाठी २० टक्के! आपले तास आपणच ठरवायचं स्वातंत्र्य मात्र बहुतेकांना फारसं महाग वाटलं नाही. म्हणजे नऊ ते सहाची कडक नोकरी चालते. 'उद्या कधी सुटेन सांगता येत नाही' हे चालत नाही.

त्यामुळे दोन्ही नोकऱ्या या पाच प्रश्नांवर तपासा. 'लवचिक' म्हणवणाऱ्या नोकरीत घरून काम असेल, पण रात्री दहालाही मेसेज येत असतील, तर ती तुमचे 'क' तास राखत नाही. उलट कष्टाची नोकरी कधी कधी वेळेला पक्की असते, आणि तेवढ्याने भागतं.

पाचवी गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकले. सात तासांचा हिशोब हातात असल्यामुळे मी नव्या मॅनेजरना मुलाखतीनंतर सांगितलं, 'मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा मी नसेन, काम रात्री पूर्ण करीन.' ते लगेच हो म्हणाले आणि त्यांनी शब्द पाळलाही. चार महिन्यांनी त्यांची बदली झाली. नवे मॅनेजर म्हणाले, 'असं काही ठरल्याची नोंद माझ्याकडे नाही.' नव्हतीच. त्यानंतर शुक्रवार भावाने उचलला, आणि मंगळवारी आईने बाहेरच्या मदतनीसाबरोबर जायचं ठरवलं. तिने एकदाही तक्रार केली नाही. मला अजून वाईट वाटतं. एका ईमेलचं काम होतं.

पायरी ५: 'कष्टाची' म्हणजे कशी, तेही विचारा

सगळे कष्ट सारखे थकवत नाहीत. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेली कल्पना इथे फार उपयोगी पडते. कामाचा ताण जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, असं असेल तर माणूस पिचतो. ताण जास्त पण मुभाही जास्त असेल तर तेच काम शिकवतं, वाढवतं. म्हणून ऑफरकडे बघताना 'काम किती' इतकंच 'निर्णय कोणाचे' हे विचारा.

तासांची मात्र एक रेघ आखून ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, आणि हृदयाला रक्तपुरवठा कमी पडण्याच्या आजाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. वर्षानुवर्षं ५५ च्या वर राहावं लागणार असेल, तर पगारातली वाढ कितीही असो, माझं मत 'नको' असं आहे.

कामाचे खरे तास करारात लिहिलेले नसतात. ते काढून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी प्रश्न जुन्या, घडून गेलेल्या गोष्टींबद्दल विचारावा. 'इथे वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे?' या प्रश्नाला जगभर एकच उत्तर मिळतं. त्याऐवजी:

'गेल्या आठवड्यात टीममधले लोक साधारण किती वाजता निघाले?'
'मागच्या वेळी कोणी रजेवर असताना त्यांना फोन करावा लागला होता का? कशासाठी?'
'ही जागा रिकामी कशी झाली? आधीची व्यक्ती किती काळ होती?'
'या टीममध्ये लहान मुलं किंवा आजारी आईवडील सांभाळणारं कोणी आहे का? त्यांच्याशी दहा मिनिटं बोलता येईल का?'

शेवटचा प्रश्न जरूर विचारा. आणि जमलं तर तिथून बाहेर पडलेल्या एखाद्या माणसाशी बोला. सोडून गेलेला माणूस रागात असू शकतो, म्हणून त्याचं मत बाजूला ठेवून फक्त तपशील ऐका: किती वाजता, किती वेळा, कोणाच्या सांगण्यावरून.

पायरी ६: घरातल्या दुसऱ्या माणसाचा कागद

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते स्त्रियांच्या रोजगाराचा आणि कमाईचा इतिहास उलगडल्याबद्दल. त्यांच्या मांडणीतला एक धागा इथे थेट लागू होतो. काही नोकऱ्या हावरट असतात: दुप्पट वेळ दिला तर दुपटीहून जास्त पैसे, अट एवढीच की बोलावतील तेव्हा हजर राहायचं. घरात एकाने अशी नोकरी घेतली की घराच्या हाकेला धावायचं काम दुसऱ्यावर पडतं. पैशाच्या दृष्टीने जोडप्याला ते फायद्याचं दिसतं, पण दुसऱ्याची वाढ तिथेच थांबते, आणि तो दुसरा बहुतेक वेळा 'दुसरी' असते.

तुमचे 'क' तास जोडीदाराच्या, भावाच्या किंवा सासूबाईंच्या कागदावर सरकणार असतील तर आधी त्यांना विचारा. 'बघू, जमेल' हे उत्तर धरू नका. कुठल्या दिवशी, किती वाजता, किती महिने, एवढं ठरू दे.

पायरी ७: दोन्हीकडे तिसरा पर्याय मागा

ऑफर हातात असते आणि होकार दिलेला नसतो, तेवढेच दिवस तुमचं पारडं जड असतं. नंतर मागितलेली गोष्ट सवलत ठरते, आता मागितलेली अट ठरते.

नव्या ठिकाणी 'थोडी फ्लेक्सिबिलिटी मिळेल का' असं विचारू नका. नेमकं मागा: 'मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार ते सहा मी उपलब्ध नसेन. त्या दिवशी सकाळी आठला सुरू करीन. हे ऑफर लेटरमध्ये घालता येईल का?' लेटरमध्ये नाही म्हणाले तर तुम्हीच ईमेल पाठवा: 'आज आपलं जे बोलणं झालं त्यानुसार…' आणि 'बरोबर' असं उत्तर येईपर्यंत सही करू नका. मुभेसाठी पगार थोडा सोडायची तयारी असेल तर तेही बोला. ४० ऐवजी ३० टक्के वाढ आणि दोन दुपारी, हा सौदा मी आज डोळे झाकून केला असता.

सध्याच्या ठिकाणीही विचारा, पण दुसरी ऑफर टेबलावर आपटून नाही. 'मला इथे राहायचंय, पण बाजारात या कामाला एवढा पगार आहे. आपण कुठपर्यंत येऊ शकतो?' घरून काम करणाऱ्यांना बढतीत मागे ठेवतात, अशी भीती असते. ती प्रत्येक ठिकाणी खरी नसते. एका मोठ्या चिनी ट्रॅव्हल कंपनीतल्या १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांचं मूल्यांकन आणि बढत्या यांत फरक पडला नाही, राजीनामे मात्र एक तृतीयांशाने घटले. कंपनीचाही त्यात फायदा आहे, हे बोलताना लक्षात असू द्या.

पायरी ८: सहा दिवस तसं जगून बघा

जमत असेल तर उत्तर देण्याआधी सोमवार ते शनिवार नव्या वेळापत्रकाने जगा. त्याच वेळेला उठा, प्रवासाचा एक तास खरंच बाहेर काढा, संध्याकाळी साडेसातपर्यंत टेबल सोडू नका, घरच्यांनाही त्या वेळेआधी हाक मारू नका म्हणून सांगा. खऱ्या कामाचा ताण यात येणार नाही. पण गुरुवारी रात्री आठ वाजता घरात काय चाललेलं असतं आणि तुम्ही कोणाशी कशा सुरात बोलता, ते दिसतं.

पायरी ९: निवडीला तारीख लावा

इथे माझं तिसरं वर्ष चुकलं. मी नोकरी घेतली ती कर्जासाठी, आणि कर्ज बाविसाव्या महिन्यात संपलं. मी थांबले मात्र पुढे चौदा महिने, कारण तोवर घरखर्चाला नव्या पगाराची सवय झाली होती. मोठं घर, मोठं भाडं. परत फिरायची वाट मीच बंद केली होती.

म्हणून कष्टाची नोकरी घेत असाल तर पहिल्या दिवसापासून जुन्याच पगारात राहा. वाढीव रक्कम पगार जमा होताच वेगळ्या खात्यात वळती होऊ दे आणि ती फक्त पायरी ३ मधल्या ओळीसाठी वापरा. कॅलेंडरमध्ये दोन तारखा घाला: सहा महिन्यांनंतरची आणि हेतू पूर्ण व्हायची. पहिल्या तारखेला पुन्हा एक आठवडा टिपून काढा. 'क' तासांपैकी निम्मे हुकत असतील किंवा तास ५५ ओलांडत असतील तर शोध सुरू करा.

लवचिक नोकरीत थांबत असाल तर तिलाही तारीख हवी. गेल्या वर्षभरात काय नवीन शिकलात, आज बाहेर पडलात तर कोण घेईल, हे वर्षातून एकदा तपासा. मुभेच्या मोबदल्यात कौशल्य गंजत असेल तर ती मुभा महाग पडतेय.

परत येणं किती सोपं आहे, तेही तोला. कष्टाच्या, चांगल्या पगाराच्या ऑफर कामात हुशार माणसाला पुन्हा येतात. चांगल्या मॅनेजरच्या हाताखालची खरोखर लवचिक जागा सहज रिकामी होत नाही. दोन्ही पारडी समसमान वाटली तर मी जी गोष्ट पुन्हा मिळणं अवघड, ती धरून ठेवीन. कर्ज, आजारपण किंवा शून्य शिल्लक असेल तर पैसा घ्या, तारखेसकट. कामाचं पहिलं दशक चालू असेल, 'क' तास कमी असतील आणि नवं काम खरंच शिकवणारं असेल, तरीही घ्या.

निर्णय झाला की सही केलेलं लेटर हातात आल्यावरच राजीनामा द्या. नोटिस पीरियडच्या तारखा दोन्हीकडे लेखी जुळवा. ज्यांना नाही म्हणायचं त्यांना त्याच दिवशी फोन करा, ईमेलवर भागवू नका. दोन वर्षांनी तुमची तारीख येईल, तेव्हा कदाचित त्यांच्याचकडे जायचं असेल.